अपडाऊनचा हिशोब: तिकिटावर बस चालत नाही भो

मागच्या अंकात आम्ही सहज विचारलं होतं की रोजच्या अपडाऊनमध्ये तुमचा किती वेळ जातो, तर पत्रं अन मेसेज इतके आले की संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्यासमोर आणून ठेवला, म्हणे तुम्ही एसटीत होता ना, मग द्या उत्तरं. मी एसटीच्या ट्रॅफिक शाखेत २८ वर्षं काढली, त्यातली बरीचशी खान्देशातल्या डेपोंमध्ये, त्यामुळे शेड्यूल, भारमान (म्हणजे गाडी किती भरली त्याचा आकडा) अन किलोमीटर एवढंच मला कळतं. बदली अन पगाराचे प्रश्न माझ्याकडे पाठवू नका. नावं कोणाचीच छापत नाहीये, बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती, अन ज्यांनी केली नाही त्यांचे साहेब पण हा अंक वाचतात.

प्रश्न: मी भुसावळहून जळगाव एमआयडीसीत एका चटई कंपनीत ऑफिसच्या कामाला जाते. ड्यूटी नऊची. घरून सव्वासातला निघते अन संध्याकाळी साडेसातच्या आधी घरात पाय पडत नाही. अंतर बघितलं तर जेमतेम २५ किलोमीटर! मुलगा पाचवीला आहे, त्याचा अभ्यास घ्यायला जीवच राहत नाही. घरचे म्हणतात स्कूटी घे अन हायवेने जात जा. घेऊ का?
– एक ताई, भुसावळ

ताई, तुम्ही पत्रात वेळा लिहून पाठवल्या हे फार बरं केलं, कारण तुमचा वेळ नेमका कुठे जातो ते त्याच्यातच दिसून राह्यलं. घर ते स्टेशन शेअर रिक्षा १५ मिनिटं, गाडी चुकू नये म्हणून प्लॅटफॉर्मवर आधीच जाऊन थांबणं अन वर गाडी लेट असली तर तेही धरून २५-३०, प्रत्यक्ष गाडीत बसलात तो वेळ अर्धा तास, मग जळगाव स्टेशनबाहेर रिक्षा भरेपर्यंत १०, अन तिथून एमआयडीसी २० मिनिटं. म्हणजे पावणेदोन तासांपैकी रेल्वेत तुम्ही बसता फक्त अर्धा तास, बाकीचा सगळा वेळ वाट बघण्यात अन दोन्ही टोकांच्या रिक्षांत जातो. आमच्या ट्रॅफिकवाल्यांचा हा जुना अनुभव आहे, पॅसेंजर अंतराला कंटाळत नाही, थांबण्याला कंटाळतो.

आता एक साधी गोष्ट, कदाचित तुम्ही करून बघितली पण असेल. भुसावळहून येणारी एसटी नशिराबादवरून जुन्या हायवेने शहरात शिरते, अन बसस्टँडला जायच्या आधी अजिंठा चौफुलीवरून जाते. तुमची एमआयडीसी तिथून जवळ. तुम्ही रेल्वेने आलात की आधी गावाच्या मध्यात येता अन मग उलट्या दिशेने परत बाहेर जाता! साधी एसटी धरा, चौफुलीला उतरा, शेवटचा रिक्षाचा तुकडा एकदम छोटा होतो. गाडीत बसण्याचा वेळ रेल्वेपेक्षा जास्त लागेल पण एकूण वेळ कमी भरेल, निदान आठ दिवस करून बघा अन घड्याळ लावून लिहून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. एसटीचा मासिक पास म्हणजे २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास, अन तुमचं अर्धं तिकीट २६ दिवस काढलं तरी ते १३ दिवसांच्या पूर्ण भाड्याएवढंच होतं. म्हणजे पूर्ण दराच्या पासापेक्षा रोजचं अर्धं तिकीट तुम्हाला स्वस्त, अन सुट्टी घेतली त्या दिवसाचे पैसे पण जात नाहीत. रेल्वेचा पास मात्र याच्याहून स्वस्त पडतो हे खरंय, पेट्रोलच्या तीन-चार दिवसांच्या पैशात महिना निघतो, त्याच्याशी एसटीची बरोबरी होणार नाही. तर वेळ विकत घ्यायचाय की पैसा वाचवायचाय हे तुम्ही घरात बसून ठरवा.

स्कूटीचं मी नाहीच म्हणेन. जाऊन येऊन ५० किलोमीटर म्हणजे लिटरभर पेट्रोल, महिन्याला पावणेतीन हजाराच्या आसपास, टायर, ऑइल, सर्व्हिसिंग वेगळं, अन हायवेवर ट्रॉले अन डंपर यांच्या मधून रोज दोनदा जाणं हे मला माझ्या मुलीसाठी पटलं नसतं. उन्हाळ्यात ४५ डिग्रीत दुपारच्या शिफ्टला निघणाऱ्या पोरी बघितल्यात मी, ओढणी गुंडाळून निव्वळ डोळे उघडे.

अन अजून एक, कंपनीच्या मालकाला विचारायला लाजू नका. नऊऐवजी साडेनऊ ते सहा चालेल का एवढंच विचारा. एमआयडीसीत सगळ्या कंपन्यांची ड्यूटी एकाच वेळी लागते, म्हणून सगळ्या रिक्षा एकाच वेळी भरतात. भुसावळकडून येणाऱ्या १५-२० बायका एकाच भागात कामाला असतील तर दोन-तीन कंपन्यांनी मिळून एक मिनीबस लावणं अवघड नाही, त्याला महापालिका लागत नाही की मंत्री लागत नाही.

प्रश्न: जळगावला ई-बस येणार म्हणून किती दिवसांपासून ऐकतोय. मागे सिटी बस चालू झाली अन बंद पडली, आता पन्नास बसेस आल्या तरी तेच होणार ना? पैसा कुठून आणणारेत? शेवटी घरपट्टीच वाढवतील. खरं काय ते सांगा, पुढाऱ्यांसारखं गोलगोल नको.
– पिंप्राळ्याचे एक दुकानदार

भाऊ, तुमच्या प्रश्नाला जागा जास्त देतोय, कारण सगळी मेख तिथेच आहे.

पहिलं हे समजून घ्या की निव्वळ तिकिटाच्या पैशातून सिटी बस आपल्याकडे जवळपास कुठेच चालत नाही. पुण्याची सिटी बस, पीएमपी, शेकडो कोटींच्या तुटीत चालते अन ती तूट पुणे महापालिका ६० टक्के अन पिंपरी-चिंचवड ४० टक्के अशी वाटून भरतात. मुंबईत बेस्टची बस कित्येक वर्षं बेस्टच्याच वीज विभागाच्या नफ्यावर चालली, म्हणजे दादर-कुलाब्याच्या लाईट बिलातून बसचं डिझेल निघायचं, ते जमेनासं झालं तशी बेस्टची अवस्था काय झाली ते पेपरात वाचलंच असेल. नाशकात २०२१ च्या जुलैपासून महापालिकेने स्वतःची सिटीलिंक बस काढली, तिथेही दरवर्षी महापालिका पदरचे घालते. म्हणून "बस तोट्यात गेली" हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं. शाळा तोट्यात गेली, रस्त्यावरचा दिवा तोट्यात गेला असं आपण म्हणतो का? बस तुटीत जाणारच आहे, ती तूट कोण, किती अन कधी भरणार हे बस निघायच्या आधी कागदावर लिहिलंय का, एवढंच विचारायचं.

आता ई-बसचं. केंद्राची पीएम ई-बस सेवा नावाची योजना १६ ऑगस्ट २०२३ ला मंजूर झाली, १० हजार बसेस, २०११ च्या जनगणनेत तीन लाखांवर वस्ती असलेली शहरं. जळगाव तेव्हा ४ लाख ६० हजार होतं, त्यामुळे आपण बसतो त्यात, अन आपल्या वाट्याला ५० बसेस आल्यात. बस विकत घ्यायची नसते, ठेकेदार त्याची बस आणतो, ड्रायव्हर त्याचा, दुरुस्ती त्याची, अन त्याला किलोमीटरप्रमाणे पैसे मिळतात. तिकिटाचा पैसा महापालिकेचा. मोठ्या १२ मीटर बसला केंद्र किलोमीटरमागे २४ रुपये देतं, ९ मीटरच्या मिडी बसला २२, अन ७ मीटरच्या मिनीला २०. हे १० वर्षं, किंवा मार्च २०३७ पर्यंत, जे आधी येईल ते.

आता पाटी-पेन्सिल घ्या. खालचे आकडे मी समजा म्हणून धरलेत, टेंडरमधले नाहीत, फक्त रीत कळावी म्हणून. समजा ५० मिडी बसेस, प्रत्येकी दिवसाला २०० किलोमीटर, म्हणजे १० हजार किलोमीटर. ठेकेदाराचा दर धरा ६० रुपये. रोजचे झाले ६ लाख. केंद्राचे २२ च्या हिशोबाने २ लाख २० हजार. एका बसमध्ये दिवसभरात ६०० पॅसेंजर अन सरासरी तिकीट १० रुपये धरलं तर ५० बसचे ३ लाख. उरले ८० हजार, रोजचे. वर्षाला २ कोटी ९२ लाख. माणशी वाटले तर वर्षाला साधारण ६३ रुपये, म्हणजे तुमच्या दुकानासमोर रोज जे चहा होतात त्यातले सहा-सात.

पण हेच पॅसेंजर ६०० ऐवजी ४०० झाले तर? रोजची तूट ८० हजारावरून १ लाख ८० हजारावर, वर्षाला साडेसहा कोटींच्या वर! अन केंद्राचे पैसे बंद झाले त्या दिवशी, पॅसेंजर भरपूर असले तरी, वर्षाला ११ कोटीची तूट आपल्या अंगावर. कंडक्टरचा पगार, तिकीट मशीन, चेकर, हे मी अजून धरलेलंच नाहीये. डेपो अन चार्जिंगच्या विजेच्या कामाला केंद्र पैसा देतं ते वेगळं, पण रोजची चूल पेटवायची ती आपल्यालाच.

म्हणजे सगळं पॅसेंजरवर येऊन थांबतं, अन पॅसेंजर येतो तो फक्त एका कारणाने, त्याला माहीत असतं की दहा-पंधरा मिनिटांत दुसरी बस आहेच. इथे माझी खरी भीती सांगतो. आपल्याकडे नगरसेवक ७५ अन बसेस ५०! प्रत्येकाला आपल्या वॉर्डातून बस पाहिजे. पंचवीस रूट केले तर एका रूटला दोन बस, म्हणजे तासाला एक, मग कोण थांबतं तासभर उन्हात, तो जातो रिक्षाने अन तुम्ही म्हणता बस रिकामी धावते. त्याऐवजी पाच बस राखीव ठेवून ४५ बस पाच-सहा रूटवर लावा. बारा किलोमीटरचा रूट, जाऊन येऊन २४, गर्दीतला वेग ताशी १५ धरला तर शेवटच्या थांब्यावरच्या विश्रांतीसकट पावणेदोन तासांची फेरी. आठ बस एका रूटला दिल्या की तेरा-चौदा मिनिटाला एक बस. खोटेनगर ते अजिंठा चौफुली हायवेने, स्टेशन ते एमआयडीसी, पिंप्राळा ते टॉवर चौक, मेहरूण असे मोजके रूट. माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने एकाही पुढाऱ्याचं रूटबद्दलचं पत्र घेऊ नये. होईल का? मी पण याच गावात राहतो भो, मला पण शंका आहे.

मागच्या सारखं बंद पडेल का, याचं उत्तर थोडं वेगळं. जुन्या पद्धतीत तिकिटाचा पैसा ठेकेदाराचा असायचा, मग तो गर्दीच्या वेळी अन गर्दीच्या रूटलाच गाडी काढणार, बाकी फेऱ्या रद्द, अन वरतून काळी-पिवळी जीपशी रेस. आता त्याला गाडी चालली की पैसे, त्यामुळे ती भानगड कमी, पण उलटी भानगड अशी की बसमध्ये माणूस बसो ना बसो त्याला फरक पडत नाही, तेव्हा थांब्यावर बस थांबते का, वेळेवर येते का, हे महापालिकेनेच बघायचं अन दंड लावायचा. अन ठेकेदाराचे पैसे थकवायची जी आपल्याकडची सवय आहे तिच्यावर पण केंद्राने इलाज काढलाय. सप्टेंबर २०२४ मध्ये ३,४३५ कोटींचा एक निधी मंजूर झाला, महापालिकेने बिल थकवलं तर त्या निधीतून ठेकेदाराला पैसे जातात अन नंतर राज्य सरकारच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून ते परस्पर वळते होतात. आमच्या वेळी असं काही असतं तर बरेच डेपो मॅनेजर रात्री झोपले असते.

घरपट्टीचं म्हणाल तर माझं मत सरळ आहे, बस सहा महिने नीट चालल्याशिवाय घरपट्टीला हात लावायचा नाही. आधी दुसरे रस्ते बघा. जकात गेली, तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा तो पण गेला, अन आता महापालिका जीएसटीच्या भरपाईवर बसलेली, हे तुम्हा दुकानदारांना मी काय सांगू. तरी पण शहरात पैसा नाही असं नाहीये. फुले मार्केट अन गोलाणी मार्केटच्या आजूबाजूला रस्त्यावर दिवसभर गाड्या फुकट उभ्या असतात, ती जागा कोणाची आहे? तिथे तासाला पाच-दहा रुपये घेतले तर पैसा पण येईल अन बसला वळायला जागा पण होईल. बसथांबे अन बसेसवरच्या जाहिराती, डेपोच्या दर्शनी भागातले गाळे. चौकाचौकात वाढदिवसाचे बॅनर लागतात त्यांचं भाडं जरी प्रामाणिकपणे वसूल झालं तरी दोन-चार बसचा खर्च सुटेल असं मी गमतीत म्हणतो, पण ते फार गमतीचं नाहीये. अन जिथून बस दर दहा मिनिटाला जाणार त्या रस्त्यालगत प्लॉटचे भाव वाढतातच, बिल्डर ब्रोशरवर छापतो "बस स्टॉपपासून दोन मिनिटं", तर बांधकाम परवानगीच्या विकास शुल्कातला एक ठरलेला हिस्सा बसच्या वेगळ्या खात्यात टाकायचा. वेगळं खातं हा शब्द लक्षात ठेवा, एकाच खात्यात गेलं की ते गटारीत जातं, म्हणजे गटारीच्या बिलात.

प्रश्न: मी धुळ्याचा निवृत्त शिक्षक. आयुष्यात सिटी बसमध्ये बसलो नाही, सायकल अन नंतर स्कूटर. माझ्या करातून दुसऱ्यांना बस का म्हणून?

गुरुजी, नमस्कार. तुम्ही नोकरीत होता तेव्हा पगारातून दरमहा व्यवसाय कर कापला जायचा, आठवतो? पगारदार माणसाला आजही वर्षाला २,५०० रुपयांपर्यंत जातो. हा कर १९७५ चा अन तो आला तो रोजगार हमीचा खर्च भागवायला. म्हणजे दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाची मजुरी शहरातल्या पगारदाराने भरली, अन तुम्ही पण भरली, त्या कामावर एक दिवस पण न जाता. महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाहीये. फ्रान्समध्ये असंच आहे, १९७१ पासून पॅरिस भागात कंपन्यांच्या पगारबिलावर वाहतूक कर लागला, मग तो बाकी शहरांत गेला, आज अकरा किंवा जास्त नोकर असलेली कंपनी तो भरते. त्यामागचा विचार असा की कामगार वेळेवर गेटवर पोचतो त्याचा फायदा मालकाला आहे ना, मग त्याने पण द्यावे. आपल्याकडे मुंबई-पुणे-नागपूरला घर घेताना मुद्रांक शुल्कावर १ टक्का मेट्रोचा अधिभार १ एप्रिल २०२२ पासून द्यावा लागतो, मेट्रोत बसा किंवा नका बसू.

अन तुमची स्कूटर पण फुकट चालत नाही गुरुजी. तो रस्ता, ते सिग्नल, तो उड्डाणपूल त्या माणसाच्या पैशातून पण झालाय ज्याच्याकडे सायकल पण नाही. एका बसमध्ये चाळीस माणसं गेली तर तुमच्या पुढच्या तीस गाड्या कमी होतात, आग्रा रोडवर संध्याकाळी सहाला स्कूटर घेऊन उभे राहा अन मग मला परत पत्र लिहा.

प्रश्न: जळगाव-भुसावळ मेट्रो का होऊ शकत नाही? नागपूरला झाली, पुण्याला झाली.
– इंजिनीअरिंगचा विद्यार्थी

पुण्याच्या मेट्रोचा पहिला टप्पा २०१६ मध्ये मंजूर झाला तेव्हा साधारण ३१ किलोमीटरला ११,४२० कोटी, म्हणजे किलोमीटरला ३६५ कोटी. वरच्या हिशोबाने ५० बसची वर्षाची तूट ३ कोटीच्या आत आहे, तेव्हा एका किलोमीटर मेट्रोच्या पैशात किती वर्षं बस चालेल ते तूच काढ, इंजिनीअर होणार आहेस. नाशिकच्या निओ मेट्रोला (रबरी टायरवरची छोटी मेट्रो) २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये २,०९२ कोटी जाहीर झाले होते, अन नाशिककर अजून सिटीलिंकनेच फिरून राह्यले. अन मुख्य म्हणजे जळगाव-भुसावळला रूळ टाकलेलेच आहेत की!

प्रश्न: त्याच रुळांबद्दल विचारायचं होतं. पाचोऱ्याहून जळगावला शाळेत शिकवायला जाते. सकाळच्या गाड्या ठीक, परतीला शटल कधी साईडला टाकतील नेम नाही. भुसावळ ते चाळीसगाव लोकल का नाही चालवत?
– शिक्षिका, पाचोरा

मॅडम, मुंबई-हावडा मेन लाईन आहे ती, मेल-एक्स्प्रेस अन मालगाड्या यांच्यात तुमचं शटल सगळ्यात धाकटी सून, सगळ्यांचं झालं की मग तिचं ताट. गाड्या सोडणाऱ्या कंट्रोल ऑफिसला दोष देऊन उपयोग नाही, रूळच कमी पडतात. जळगाव-मनमाड १६० किलोमीटरच्या चौथ्या लाईनला नोव्हेंबर २०२४ मध्ये २,७७३ कोटींची मंजुरी मिळालीये, ती झाली की मेमूला, म्हणजे लोकलसारख्या विजेच्या पॅसेंजरला, जागा मिळायला हरकत नाही, पण जागा झाली म्हणून गाडी आपोआप येत नाही, मालगाडीत पैसा आहे अन शटलमध्ये नाही हे रेल्वेला पण कळतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पॅसेंजरचं कमीत कमी तिकीट ३० वरून परत १० झालं, आपल्यासाठी चांगलंच, पण दहा रुपयांत ती गाडी सुटत नाही.

मुंबईत यावर तोड काढली होती ती अशी की लोकलची कामं रेल्वेने एकटीने करायची नाहीत, १९९९ मध्ये रेल्वे अन राज्य सरकारने मिळून एक महामंडळ काढलं अन प्रकल्पांचा खर्च निम्मा-निम्मा. आपल्या खासदार-आमदारांनी निव्वळ "थांबा द्या, थांबा द्या" म्हणून निवेदनं देण्यापेक्षा राज्याने सकाळ-संध्याकाळच्या दोन मेमूंच्या तुटीत वाटा उचलावा ही मागणी केली तर ती जास्त वजनदार होईल. फलाटावर सत्कार घेण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून ती होत नसावी. पीजेचं तुमच्याकडच्या लोकांना सांगायला नकोच, पाचोरा-जामनेरची ती छोटी गाडी गेल्यावर गावांना काय फरक पडला ते.

प्रश्न: मी रिक्षा चालवतो, बँकेचे हप्ते चालू आहे. तुम्ही सगळे बस बस करता, बस आली तर आम्ही काय खायचं?
– रिक्षावाले भाऊ, जळगाव

भाऊ, तुमचा राग मला समजतो. आज जळगावची सार्वजनिक वाहतूक म्हणजे तुम्हीच आहात, अन एक रुपया सबसिडी न घेता. हायवेच्या सरळ रूटवर तुमचा धंदा कमी होईल, हे मी गोड बोलून लपवणार नाही. पण बस कॉलनीच्या आत येत नाही. रामानंद नगरच्या गल्लीतून थांब्यापर्यंत, थांब्यापासून दवाखान्यापर्यंत, हा दीड-दोन किलोमीटरचा तुकडा कायम तुमचा. तिथे फेऱ्या छोट्या, गॅस कमी जळतो, अन तीनच पॅसेंजर बसवले तरी परवडतं, पाच कोंबून दंड भरायची वेळ येत नाही. फक्त बसथांब्याला लागून रिक्षा स्टँडची जागा नकाशातच आखलेली पाहिजे, नंतर मागितली तर कोणी देणार नाही, तुमच्या युनियनने ते आत्ताच लेखी मागावं. अन बसच्या पुढ्यात आडवी रिक्षा लावायची नाही, तेवढं तुम्ही पण पाळा.

प्रश्न: बांभोरीला विद्यापीठात शिकते. लायब्ररीत उशीर झाला की परतीची गाडी भरून येते अन थांबतच नाही, मग जीपला लटकून किंवा कोणाला तरी फोन. डेपोत तोंडी सांगितलं, काही झालं नाही.
– विद्यार्थिनी, एरंडोल

बेटा, तोंडी सांगितलेलं डेपोत कुठेच राहत नाही, ड्यूटी बदलली की विषय संपला. मी खुर्चीच्या त्या बाजूला बसलेला माणूस आहे म्हणून सांगतो, आमच्याकडे फेरी वाढते ती आकड्यावर. तुम्ही चार मैत्रिणी मिळून सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेपाच ते आठ, एका वहीत लिहा, किती वाजता कुठली गाडी आली, थांबली का नाही, थांब्यावर किती जण उभे होते, त्यातले किती चढले अन किती राहिले. एरंडोलचे किती, धरणगावचे किती, हे पण विचारून लिहा. भारमान गाडीतल्या माणसांचं निघतं, खाली राहून गेलेला माणूस कंडक्टरच्या कुठल्याच वे-बिलावर, म्हणजे हिशोबाच्या कागदावर, येत नाही, तो फक्त तुमच्या वहीत येईल.

मग अर्ज आगार व्यवस्थापकाच्या नावाने, एक प्रत विभाग नियंत्रकांना, सोबत वहीची झेरॉक्स अन जमतील तेवढ्या मुलींच्या सह्या, पासनंबर असेल तर तोही. नवीन गाडी मागू नका, ती लवकर मिळत नाही. संध्याकाळी सातच्या आसपास जी गाडी जळगावहून रिकामी डेपोत परत जाते किंवा पुढे मुक्कामाला जाते तिला बांभोरीचा थांबा अन पंधरा मिनिटं पुढे-मागे वेळ एवढंच मागा, त्यात डेपोचे मृत, म्हणजे गाडी रिकामी धावण्याचे, किलोमीटर वाचतात, साहेबाला सही करायला सोपं जातं. आवक-जावकला अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का अन तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका.